काचेवरचा पांढरा थर आणि टाकीतले जड पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला, धरणाचे पाणी दिवसाआड झाले आणि सोसायट्यांत टँकर फिरू लागले की घरी मासे पाळणाऱ्यांच्या तक्रारी एकाच पठडीतल्या असतात. फिशटँकच्या काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरा खरखरीत थर धरतो, फिल्टर घरघरतो, एअर स्टोनमधून बुडबुडे येईनासे होतात आणि निऑन टेट्रा एकेक करून मरतात. मग दुकानातून पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) उतरवणारी बाटली आणली जाते, कुणी तुरटी फिरवायला सांगतो, कुणी थेट टाकीत व्हिनेगर ओततो. यातले बरेच उपाय माशांच्या जिवावर बेततात. जड पाण्याचा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त विरघळलेल्या कठीण पाण्याचा, प्रश्न अवघड नाही, पण तो मोजून सोडवावा लागतो. नेमकी माहिती मराठीत एका जागी क्वचितच मिळते, म्हणून पत्र लांबले तरी ते छापावे ही विनंती.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्ट खडकावर वसला आहे. त्याच्या भेगांतून मुरत गेलेले पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेते आणि बोअर जितकी खोल तितके ते पाणी खडकाच्या सहवासात जास्त काळ राहिलेले असते. मुंबईला तलावांतून मिळणारे पाणी मऊ आहे, खडकवासल्याचेही तुलनेने मऊ. पण त्याच पुण्यात वाघोलीसारख्या भागात बोअर किंवा टँकर आला की साबणाला फेस येत नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर जडपणाच्या जोडीला मीठही असते. याउलट कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी. जड पाणी आवडणारे गप्पी मासे पाळणाऱ्याला तिथे पाणी जड करायला टाकीत शिंपले टाकावे लागतात. म्हणजे एका गावातला सल्ला दुसऱ्या गावात चालत नाही आणि बहुतेक घोटाळा इथेच होतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. हा आकडा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात असतो. शोभिवंत मासे पाळणारे अंश वापरतात. १ अंश म्हणजे लिटरला सुमारे १७.९ मिलिग्रॅम. तेव्हा २०० मिलिग्रॅमचे पाणी ११ अंशांचे आणि ६०० चे ३३ अंशांचे. माणसाला चालणारे हे पाणी ॲमेझॉनच्या मऊ ओढ्यांतून आलेल्या माशाला चालेलच असे नाही.

जडपणाचे दोन आकडे वेगळे ठेवावेत. एक एकूण जडपणा, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून, ज्याला दुकानात जीएच म्हणतात. दुसरा केएच, म्हणजे पाण्यातले बायकार्बोनेट आणि कार्बोनेट. पीएच घट्ट धरून ठेवतो तो केएच. काचेवर थर बसायला दोन्ही लागतात. कॅल्शियम बायकार्बोनेट पाण्यात विरघळलेले असते, पण पाणी तापले किंवा त्यातला कार्बन डायऑक्साइड उडाला की त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि जिथे पाणी आटते तिथे चिकटतो. गीझरच्या कॉइलवर बसतो तोच हा चुना. बुडबुड्यांचे शिंतोडे उडतात ते झाकण, फिल्टरच्या तोटीचे टोक, पाण्याची वरची रेषा, हीटरची नळी या त्याच्या आवडत्या जागा. बोअरच्या पाण्याचा पीएचही याच कारणाने फसवतो. जमिनीतून वर येताना त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, त्यामुळे नळातून काढल्या काढल्या पीएच ७ च्या आसपास दिसतो आणि बादलीत एअर पंप लावून २४ तास ठेवल्यावर ८ च्या वर जातो. वर पांढरट साय येते तीही चुन्याचीच. बोअरच्या पाण्याचा पीएच म्हणूनच दुसऱ्या दिवशी मोजावा.

मोजायला कशाने? टीडीएसचा पेन स्वस्त आहे आणि घरोघरी आहे, पण तो जडपणा मोजत नाही. पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून तो एकूण क्षारांचा अंदाज देतो, मग ते क्षार चुन्याचे असोत की मिठाचे. थेंबांचे किट घ्यावे. ५ मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकून हलवत जायचे. बहुतेक किटांत जीएचचा रंग नारिंगीचा हिरवा होतो आणि केएचचा निळ्याचा पिवळा. जितके थेंब तितके अंश. पाणी फार जड असेल तर थेंब संपत राहतात. अशा वेळी नमुन्यात तेवढेच आरओचे पाणी मिसळून मोजावे आणि उत्तर दुप्पट करावे. कागदी पट्ट्या दमट हवेत लवकर बिघडतात, पावसाळ्यात त्यांवर विसंबू नये. किट मिळेपर्यंत अर्धी बाटली पाण्यात कपड्याच्या जुन्या पद्धतीच्या साबणाचे थोडे पाणी टाकून जोरात हलवावे. फेस न येता पांढरट साका आला तर पाणी जड. डिटर्जंटने ही परीक्षा होत नाही, कारण तो जड पाण्यातही फेसाळतो.

आता या पत्राचा मुख्य मुद्दा. टाकीतले पाणी आटते तेव्हा फक्त पाणी जाते, क्षार सगळे मागे राहतात. मिठागरात होते तेच. आणि आटलेल्या पाण्याच्या जागी आपण पुन्हा क्षारांचे पाणी घालतो. साधा हिशेब करू. दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीचा पृष्ठभाग साधारण १८०० चौरस सेंटिमीटर असतो. उघडी टाकी, वर पंखा, कोरडा उन्हाळा असला की दोन दिवसांत एक सेंटिमीटर पाणी सहज उतरते. म्हणजे दिवसाला ०.९ लिटर, आठवड्याला सव्वासहा लिटर. टाकीत दगड-वाळू वजा जाता ५० लिटर पाणी आहे आणि बोअरच्या पाण्याचा जडपणा ४०० आहे असे धरू. पाणी अजिबात न बदलता नुसती भर घालत राहिले तर पहिल्याच महिन्यात जडपणा ६०० च्या पुढे जातो. दर आठवड्याला शिस्तीने पाव टाकी, म्हणजे साडेबारा लिटर पाणी बदलले तरी तो ४०० वर राहत नाही. भर आणि बदल दोन्ही बोअरच्याच पाण्याने केले तर आठवड्याला पावणेएकोणीस लिटरचे क्षार आत येतात आणि फक्त साडेबारा लिटरचे बाहेर जातात. काचेवर बसणारा थोडा चुना सोडला तर टाकी हळूहळू ६०० वर जाऊन स्थिरावते. तेच, आटलेल्या पाण्याची भर आरओच्या किंवा पावसाच्या पाण्याने केली आणि बदलायला मात्र बोअरचेच वापरले, तर टाकी ४१० च्या आसपास राहते. रोज एक लिटरभर मऊ पाणी, एवढ्यावर हा फरक पडतो. इतका स्वस्त आणि इतका दुर्लक्षित उपाय या छंदात दुसरा नाही.

टीडीएसच्या पेनचा खरा उपयोग इथे आहे. नळाचे पाणी आणि टाकीचे पाणी दोन्ही मोजून लिहून ठेवावे. टाकीचा आकडा नळाच्या सव्वापटीवर गेला की भर घालण्याची पद्धत चुकते आहे असे समजावे. 'पाणी बदलूच नका, नुसते वरून घाला' हा सल्ला काही दुकानदार देतात. त्याने महिनोन्महिने काही होत नाही, कारण आतले मासे हळूहळू सरावतात. पण नवीन आणलेला मासा दोन दिवसांत मरतो आणि एखाद्या सणाला अख्खी टाकी धुऊन ताजे पाणी भरले की जुनेही मरतात. अंगातले आणि बाहेरचे क्षार यांचा समतोल माशाला एका झटक्यात बदलता येत नाही. इतकी साचलेली टाकी सुधारायची तर दर दोन-तीन दिवसांनी दहावा हिस्सा बदलत दोन-तीन आठवडे घ्यावेत.

काचेवरच्या थराबद्दल एक खुलासा. हा थर माशांना विषारी नाही. तो दिसायला वाईट आणि उपकरणांना घातक आहे. तो काढताना घातलेला धुडगूस मात्र माशांना मारतो.

काच साफ करायची रीत अशी. आधी फिल्टर, हीटर, दिवा यांचे प्लग काढावेत. हीटर बंद करून पंधरा-वीस मिनिटे पाण्यातच राहू द्यावा, कारण गरम नळी हवेत आली की तडकते. मग पाणी रेषेच्या खाली दोन-तीन इंच उतरवावे. किराणा दुकानातले साधे पांढरे व्हिनेगर, ४-५ टक्क्यांचे, टिश्यू पेपरच्या घड्यांवर घेऊन त्या रेषेवर चिकटवाव्यात, नुसत्या ओल्या, पाणी गळेल इतक्या नाहीत. वीस मिनिटे थांबावे. चुना बारीक बुडबुडे सोडत मऊ होतो. त्यानंतर काचेच्या टाकीला ब्लेड तिरके धरून आणि ॲक्रिलिकच्या टाकीला जुने एटीएम कार्ड वापरून खरवडावे. ॲक्रिलिकवर ब्लेडचा ओरखडा कायमचा राहतो. कोपऱ्यांतल्या सिलिकॉनच्या सांध्याला ब्लेड लावू नये, तिथे जुना टूथब्रश पुरतो. फडके नेहमी खालून वर फिरवावे, म्हणजे खरवड पाण्यात पडत नाही. शेवटी साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने दोनदा पुसावे आणि मग पाणी भरावे. थर जाड असेल तर जोर न लावता व्हिनेगरच्या घड्या पुन्हा लावाव्यात.

थोडे व्हिनेगर पाण्यात पडले तर? ५० लिटरच्या टाकीत १० मिलिलिटर पडल्यास केएच अर्ध्या अंशाहून कमीच उतरतो. केएच १० असलेल्या जड पाण्याला ते जाणवत नाही. केएच २ असेल तर मात्र काळजी घ्यावी. व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिडचे दाणे, १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम या प्रमाणात चालतात. उकळते पाणी घेऊ नये. गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेट कमी विरघळते आणि एका पांढऱ्या थराच्या जागी दुसरा बसतो. व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा घालून फेस आणण्याची जी युक्ती सगळीकडे फिरते ती वाया जाते. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात आणि चुना होता तिथेच राहतो. फरशी आणि संडासासाठीचे ॲसिड किंवा रंगीत क्लीनर टाकीजवळ आणूच नयेत. त्यांत हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि फेस आणणारी द्रव्ये असतात आणि ती कल्ल्यांना झोंबतात. अशा ॲसिडचा ब्लीचशी संबंध आला तर क्लोरीन वायू सुटतो, तो माणसालाही घातक. एवढे करूनही काही डाग व्हिनेगरला दाद देत नाहीत. ते सिलिकाचे असू शकतात किंवा काचच खराब झालेली असते. त्यासाठी भरलेल्या टाकीत खटाटोप करू नये.

फिल्टर घरघरतो तेव्हा पंखा असलेले छोटे फिरते चुंबक, म्हणजे इम्पेलर, बाहेर काढावे. त्याच्या दांडीवर आणि बसण्याच्या खोबणीत चुना धरलेला असतो. त्यामुळे ते अडखळते, मोटर तापते आणि शेवटी जळते. इम्पेलर अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवावा, खोबण इअरबडने पुसावी, सगळे धुऊन मग जोडावे. सिरॅमिकची दांडी असेल तर हलक्या हाताने, ती खडूसारखी मोडते. फिल्टरमधला स्पंज आणि सिरॅमिकच्या कड्या मात्र व्हिनेगरमध्ये घालायच्या नाहीत. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू तिथेच राहतात. त्या टाकीतून काढलेल्याच पाण्यात खळबळून घ्याव्यात. हीटरच्या नळीवर थर बसला की उष्णता पाण्यात नीट जात नाही, नळी आतून जास्त तापते. नागपूर-नाशिककडे हिवाळ्यात हीटर लावण्याआधी तो पाण्याच्या खुणेपर्यंतच व्हिनेगरमध्ये बुडवून साफ करावा, वायरचे टोक कोरडे ठेवावे. एअर स्टोनची छिद्रे चुन्याने बुजली की पंपातल्या रबरी पडद्यावर ताण येतो आणि तो फाटतो. स्टोन रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून पाहावा, नाहीतर सरळ नवा घ्यावा. पंपापेक्षा स्टोन फार स्वस्त असतो. शिंतोडेच कमी करायचे तर हवेच्या नळीला छोटी तोटी बसवून बुडबुडे मंद करावेत, फिल्टरचे तोंड पाण्याखाली ठेवावे आणि वर हवेला फट ठेवून काचेचे झाकण घालावे. झाकणाने पाणी आटणेही कमी होते.

आता जे करू नये त्याविषयी. पीएच उतरवण्यासाठी टाकीत लिंबू, व्हिनेगर किंवा बाटलीतले औषध घातले की पहिल्या तासात आकडा उतरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर येतो. आम्लाने केएचचा थोडा भाग खाल्ला, त्यातून कार्बन डायऑक्साइड झाला, तो उडून गेला आणि उरलेल्या केएचने पीएच पुन्हा वर ओढला. जीएच जिथल्या तिथे. माणूस पुन्हा औषध घालतो, पुन्हा तेच. असे करता करता एके दिवशी केएच संपतो आणि मग पीएच आधार सुटल्यासारखा कोसळतो. स्थिर ८ च्या पीएचमध्ये मासे जगतात, रोज ७ ते ८ हेलकावणाऱ्या पाण्यात ते खचतात.

तुरटीचे तसेच. ती गाळ खाली बसवते म्हणून पाणी हलके झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ती केएच खाते, कॅल्शियम तसेच राहते आणि ॲल्युमिनियमचा चिकट साका कल्ल्यांवर बसतो. पिण्याच्या हंड्यातली तुरटी फिशटँकमध्ये फिरवू नये.

सोसायटीच्या सॉफ्टनरबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. गच्चीवरचा तो उभा सिलिंडर, ज्यात मीठ टाकतात, तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम देतो. गीझर आणि नळांसाठी तो उत्तम आहे. पण टीडीएस कमी होत नाही आणि केएचही तसाच राहतो. ४०० जडपणाच्या पाण्याचे असे 'मऊ' पाणी केले की लिटरला सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम जास्तीचे येते. काचेवर थर बसत नाही म्हणून मालक खूश असतो. मात्र गोगलगायींचे शंख विरतात, कोळंबीला कात टाकताना कॅल्शियम मिळत नाही, पाणवनस्पतींची नवी पाने वाकडी येतात. शक्य असेल तर टाकीसाठी सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचे पाणी घ्यावे.

पाणी उकळून काय होते? बायकार्बोनेटमुळे असलेला तात्पुरता जडपणा खाली बसतो, सल्फेट आणि क्लोराइडचा कायमचा जडपणा तसाच राहतो. दहा मिनिटे उकळून, थंड करून, वरचे निवळ घेतले तर छोट्या बाउलपुरते ते चालते. ५० लिटरसाठी गॅस जाळण्यात अर्थ नाही.

खरा मार्ग मिसळण्याचा आहे. घरच्या आरओ यंत्राच्या पाण्याचा जडपणा २० आहे, बोअरचा ४०० आहे आणि आपल्याला १२० हवा आहे असे समजा. १२० मधून २० वजा, म्हणजे १००. ४०० मधून २० वजा, म्हणजे ३८०. १०० भागिले ३८०, म्हणजे साधारण पाव. तेव्हा १२ लिटर बदलाच्या पाण्यात ३ लिटर बोअरचे आणि ९ लिटर आरओचे. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि केएच हे तिन्ही बोअरच्या पाण्यातूनच मिळतात, वेगळे खनिज विकत घ्यावे लागत नाही. निव्वळ आरओचे पाणी भरण्याची चूक मात्र करू नये. अमोनियाचे नायट्रेट करताना जिवाणू केएच खर्च करतात आणि जिथे केएचच नाही तिथे काही आठवड्यांत पीएच घसरतो. तसे झाल्यास ५० लिटरला दीड ग्रॅम खाण्याचा सोडा केएच एक अंशाने वाढवतो. दिवसाला एका अंशापेक्षा जास्त वाढवू नये.

आरओ यंत्र वापरताना दोन गोष्टी पाहाव्यात. काही यंत्रांत चव येण्यासाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळण्याची तोटी असते. म्हणून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस स्वतः मोजावा. आणि हल्ली पाण्यात तांबे सोडणारी यंत्रे घरोघरी आली आहेत. माणसाला ते तांबे चालते. कोळंबी आणि गोगलगायींना अगदी थोडे तांबेही मारते. अशा यंत्राचे पाणी टाकीत घालायचे तर तांब्याच्या काडतुसाच्या आधीची नळी काढून घ्यावी. तांब्याच्या कळशीतले पाणीही नको. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी मऊ असते हे खरे, पण ते तांबे-ॲल्युमिनियमच्या थंड जाळीवरून आणि शेवाळलेल्या तबकातून येते. ते टाळावे. आरओतून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात. ते फरशी पुसायला आणि फ्लशला ठेवावे.

पावसाचे पाणी हे आपल्याकडचे सर्वांत चांगले मऊ पाणी आणि ते फुकट आहे. पहिल्या दोन-तीन दमदार सरी जाऊ द्याव्यात, त्यांनी हवेतली आणि छपरावरची धूळ धुतली जाते. गंजका पत्रा, सिमेंटचे पत्रे किंवा कबुतरे बसतात तो स्लॅब सोडून, मोकळ्या जागी स्वच्छ ताडपत्री बांधून तिच्यावरून पाणी धरावे. खाद्यपदार्थांसाठीचा निळा ड्रम, वर घट्ट झाकण आणि डासांसाठी कापड. उन्हात ठेवू नये. आटलेल्या पाण्याची भर एवढ्यापुरते वापरले तर दोन फुटी टाकीला २०० लिटरचा एक ड्रम, रोज ०.९ लिटरच्या हिशेबानेही, सात महिने पुरतो. पावसाळ्या-हिवाळ्यात पाणी कमी आटते, त्यामुळे तो उन्हाळ्यातही थोडा उरतो. त्यात केएच नसतो, हे बदलाच्या वेळी ध्यानात ठेवावे.

पण इतका खटाटोप प्रत्येकाने करावाच असे नाही. जड पाणी आवडणारे मासे आहेत आणि ते सुंदर आहेत. मॉली, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल हे पिल्ले घालणारे मासे कठीण पाण्यात खुलतात, मॉली तर मऊ पाण्यात आजारी पडते. आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका सरोवरांचे सिक्लिड मुळातच ८ च्या आसपासच्या किंवा त्यावरच्या पीएचचे. गोल्डफिशला चालते, रेनबोफिशला चालते. एंजल आणि फायटर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत वाढलेले असल्याने मध्यम जड पाणी सोसतात. निऑन, कार्डिनल, रॅम, डिस्कस यांच्या वाटेला मात्र ३० अंश जडपणाच्या पाण्यात जाऊ नये. डिस्कस जगला तरी त्याची अंडी फळत नाहीत. वनस्पतींत व्हॅलिस्नेरिया जड पाण्यात जोमाने वाढते. ती बायकार्बोनेटमधून कार्बन घेते, त्यामुळे तिच्या पानांवर पांढरी खरखरीत पूड दिसते. तो रोग समजून पाने कापू नयेत.

जड पाण्यात अमोनियाबद्दल मात्र जास्त सावध राहावे लागते. २८ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी रूपातला भाग टक्क्यापेक्षाही कमी असतो. पीएच ८ ला तो साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे तीच घाण नऊ-दहा पट विषारी. बोअरच्या पाण्याच्या टाकीत मासे कमी, खाणे कमी आणि फिल्टर कायम चालू असावा. वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी असावा.

पाणी मऊ असूनही टाकी जड होत असेल तर दगड तपासावेत. दुकानात मिळणारी पांढरी खडी बहुधा संगमरवराची असते, ती सतत विरघळते. प्रवाळ आणि शिंपलेही तसेच. दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर तो मऊ पाण्याच्या टाकीत नको. आपला काळा कातळ सुरक्षित आहे, पण नदीतून किंवा घाटातून आणलेल्या दगडांच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक भरलेले दिसतात. त्यांतले काही झिओलाइटचे असतात, ते चालतात. काही कॅल्साइटचे असतात, ते फसफसतात. प्रत्येक पांढऱ्या ठिपक्यावर वेगळा थेंब टाकावा. नव्या इमारतीतल्या नव्या सिमेंटच्या टाकीतूनही पहिले काही महिने चुना उतरतो.

टँकरवर अवलंबून असलेल्यांनी एक मोठी झाकणाची बादली कायम भरून ठेवावी. आजचा टँकर विहिरीचा, उद्याचा बोअरचा, परवाचा धरणाचा असू शकतो. नव्या पाण्याचा टीडीएस आणि केएच मोजल्याशिवाय ते टाकीत घालू नये. क्लोरीनचा वास येत असेल तर क्लोरीन मारणारे औषध त्या बादलीतच घालावे.

शेवटी दोन मागण्या. शोभिवंत मासे विकणाऱ्या दुकानांनी आपल्या टाक्यांतल्या पाण्याचा जीएच, केएच आणि टीडीएस दर आठवड्याला फळ्यावर लिहावा आणि माशाच्या पिशवीवर तो आकडा नोंदवून द्यावा. दुकानात १०० टीडीएसच्या पाण्यात असलेला मासा घरी ८०० च्या पाण्यात पिशवी कापून सोडला जातो आणि ग्राहकाला वाटते मासाच आजारी होता. आकडा माहीत असेल तर ग्राहक बारीक नळीने, सेकंदाला दोन-तीन थेंब अशा वेगाने, दीड-दोन तास टाकीचे पाणी पिशवीत सोडून माशाला सरावू शकेल. दुसरी मागणी सोसायट्यांकडे. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याची तपासणी करून घेतली की तिचा अहवाल फायलीत न ठेवता सूचनाफलकावर लावावा. त्यात एकूण जडपणा (जीएच) आणि क्षारता (अल्कलिनिटी, म्हणजे आपला केएच) असे दोन रकाने असतात. त्यांना १७.९ ने भागले की आपल्या टाकीला लागणारे दोन्ही अंश मिळतात.

आपला नम्र,
शोभिवंत मासे पाळणारा एक वाचक, पुणे